बुडितातली बाग

५ मे, रविवार

आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझ्यावर घोर अन्याय झाला. वेळ मुद्दाम लिहून ठेवते. उद्या चौकशी आयोग बसलाच, तर कागद हाताशी हवा.

माझ्या बाकावर रोपं ठेवली आहेत.

बाक माझ्या मालकीचा नाही, मान्य. वाडीचा आहे, सिमेंटचा आहे, एका बाजूला कलला आहे आणि पाठीवरचं दात्याचं नाव शेळ्यांनी अंग घासून घासून पुसलंय. पण मार्चमध्ये पुणं सोडून इथे मुळशीला राहायला आल्यापासून रोज सात ते आठ मी थर्मास घेऊन तिथेच बसते. पुढे धरणाचं पाणी, मागे रस्ता. पेपरातल्या सदरात या आठवड्यात कुणाची सालं काढायची, ते तिथे ठरतं. महाराष्ट्रातल्या नऊ प्रतिष्ठितांचा मानभंग त्या बाकावर झालेला आहे! आज तिथे दुधाच्या पिशव्यांतली तगर बसली होती. शेजारी जास्वंद. कर्दळीने तर पाय पसरले होते.

"मॅडम, पाचच मिनिटं हं," नारिंगी हातमोजे घातलेली एक मुलगी म्हणाली.

पाच मिनिटं! दहाला परत जाऊन पाहिलं. तगर बसलेलीच.

सारजाबाईंकडे चौकशी केली. यांच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत मी भाड्याने राहते. वाडीतली कुठलीही बातमी यांच्या ओट्यावरून गेल्याशिवाय पुढे सरकत नाही. म्हणाल्या, "मारुंजीची पोरं हायेत. कंपनीतली. पान्याकडंला बाग करनार म्हनं."

बाकापासून खाली पाण्यापर्यंतचा उतार पंचायतीने त्यांना दिलाय. बाकाच्या वरची, रस्त्यालगतची सपाट पट्टी मात्र दिली नाही. तिथे शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या लागतात आणि जाताना बाटल्या ठेवून जातात. त्या पट्टीवर मुरूम टाकून रीतसर पार्किंग होणार आहे.

"उतार दिला कुणी?"

"आमच्या कैलासनं. म्येंबर हाय न्हवं." कैलास त्यांचा पुतण्या. आणि वर, "त्यो कुनाला फुकट काय देत न्हाई. ह्यो कसा दिला, द्येव जाणे."

६ मे

बाक व्यापलेलाच. निषेध म्हणून चहा घरी घेतला. वाईट होता. मीच केला होता.

८ मे

लांबून पाहणी केली. (शत्रूची.)

नारिंगी हातमोजेवाली म्हणजे जान्हवी. मूळची लातूरची, वय तीसच्या आतबाहेर. तिची दुपारची शिफ्ट असते म्हणून बुधवारीही सकाळी येते — मारुंजीहून तीस किलोमीटर, स्कूटीवर, पुढे पायाशी खताची पिशवी. दुसरा मनीष. हा रोपांना नंबर देतो. प्रत्येक पिशवीला प्लास्टिकची चिठ्ठी: त-१७, जा-४०. एकूण तीनशे बारा. वर्षभर मारुंजीच्या बाल्कन्यांत वाढवलेली. खड्डे दोरी धरून घेतलेत, एका रेषेत, एका खोलीचे. मी आयुष्यात एवढी सरळ रेष फक्त माझ्या संपादकांच्या भांगात पाहिली आहे.

पाणी खालून आणतात. वीस लिटरचे कॅन, दोघांत एक. चढ आहे. कुणी फोटो काढत नव्हतं. हे मला जरा खटकलं — फोटो नाहीत म्हणजे टिंगल अवघड होते.

१० मे, अक्षय्य तृतीया

इथे आखिती म्हणतात. सारजाबाईंकडे जेवायला होते. आमरस, कुरडया, वर दोन वेळा "लाजू नगा." मी लाजत नव्हते. तिसरी वाटी चालू होती.

जेवण झाल्यावर भिवाजीतात्या — म्हणजे सारजाबाईंचे यजमान, सत्तरी ओलांडलेले, अजून पहाटे जाळं टाकतात — पान लावता लावता म्हणाले, "ताई, ती पोरं लावत्यात ना झाडं, समदी पान्यात जानार."

"म्हणजे?"

"आखाडात धरान भरतंय. पानी कुटवर येतंय ठावं हाय? तुमच्या बाकाच्या पायाला लागतंय. खालचं समदं बुडीत. उनाळ्यात उघडं पडतंय, म्हनून काय जमीन झाली व्हय?"

मी मार्चमध्ये आले तेव्हा पाणी आधीच उतरलेलं. मला कल्पनाच नव्हती.

"मग सांगा की त्यांना!"

"आमाला कोन इचारतंय? आन सांगितलं तर म्हनत्याल, म्हातारा आडवा आला. तुमी सांगा. तुमी पेपरात लिवता. तुमचं ऐकत्यात."

"सांगते," म्हणाले. पान खाल्लं.

खरंच सांगणार होते. खोलीवर आले, आणि हात आपोआप कागदाकडे गेला. तीनशे बारा रोपांची जलसमाधी! लॅमिनेट केलेल्या चिठ्ठ्या पाण्यावर तरंगताहेत, त-१७, जा-४०. शिकल्यासवरल्या लोकांनी दोरी लावून, माप घेऊन, धरणाच्या तळाला बाग केली! वर्षातून एखाद्या वेळी देव असा विषय ताटात वाढतो.

परवा सांगेन.

१२ मे, रविवार

सदर छापून आलं. 'हौशी माळी आणि नारिंगी हातमोजे'. बाकाचा अन्याय, दुधाच्या पिशव्या, नंबरवारी — सगळं आहे. पाण्याचं नाही. ते राखून ठेवलंय.

सकाळी संपादकांचा फोन. चंद्रकांतराव क्वचित हसतात. आज खोकला येईपर्यंत हसले. "नलिनीताई, याचा दुसरा भाग हवाच!"

"आहे की. शेवट तयार आहे."

"मग द्या."

"जुलैत देते. धरण भरलं की."

फोन ठेवल्यावर आपलंच वाक्य परत ऐकू आलं. चांगलं वाक्य होतं. आवाज चांगला नव्हता.

१३ मे

सोमवार. ती मंडळी नसतात, तरी रोपांना पाणी घातलेलं दिसलं. भिवाजीतात्या जाळं वाळत टाकून एका तांब्याने एकेक रोप भिजवत होते. बुडणार हे माहीत असूनही! विचारलं तर म्हणाले, "तवर तानेलं कशापायी ठिवायचं?"

मग माझ्याकडे बघून, "सांगितलंत?"

"सांगते. रविवारी."

१६ मे

उकाडा. बुधवारी तिथे गेलेच नाही. सदराचं काम होतं. (नव्हतं.)

१९ मे, रविवार

नीट लिहायला हवं.

सकाळी बाकाकडे गेले तर शेजारी एक वेताची खुर्ची. जुनी, एका हाताला नायलॉनची दोरी गुंडाळलेली. जान्हवी घाम पुसत आली. "मॅडम, ही तुमच्यासाठी. तुमचा बाक आम्ही घेतला ना! गेल्या रविवारी पेपरात वाचलं."

तीस किलोमीटर स्कूटीवर खुर्ची आणली बाईने. पाठीला बांधून. हायवेला कुणीतरी विचारलं म्हणे, ताई, घर बदलताय का.

मला वाटलं आता बोलणी बसतील. तर ही हसायला लागली. "हातमोज्यांचं बरोबर हाय. पाचशे रुपयाचे हायेत, खुरपं धरलं की निसटतंय! आईला फोनवर वाचून दाखवलं. आई म्हणली, ह्या बाईचं तोंड फाटकं दिसतंय, पण नजर चांगलीय."

लातूरच्या एका अनोळखी बाईने माझ्या तीन दशकांच्या लिखाणाचं समीक्षण एका ओळीत उरकलं.

मग ती मला उतारावर घेऊन गेली. प्रत्येक नंबरामागे कोण आहे ते सांगितलं. त-१७ त्यांच्या सोसायटीच्या वॉचमनने लावलेली, रात्रपाळीत जागं राहायला काहीतरी हवं म्हणून. जा-४० स्वयंपाकाच्या बाईंची. त्यांच्या खोलीत ऊन येत नाही म्हणून रोप जान्हवीच्या बाल्कनीत आणि बाई रोज बघायला. "मारुंजीत बसायला जागाच नाही मॅडम. सगळं कुणाचं ना कुणाचं. म्हणलं, पाण्याकडंला एक जागा अशी करायची की कुणी पण येऊन बसावं. तिकीट नाही, गेट नाही."

एकही शब्द टाळीसाठी नव्हता. मी टाळीचे शब्द लांबून ओळखते, माझा धंदाच तो.

तोंड उघडलं. तेवढ्यात मनीष यादी घेऊन आला — क-९ ला कीड आहे, काय करायचं? दोघं खाली बसून पानाखाली बघायला लागली.

मी तोंड मिटलं. वेताच्या खुर्चीत बसले. खुर्ची फार आरामशीर आहे. ते अधिकच वाईट.

२२ मे, बुधवार

सांगितलं.

कॅन ठेवून ती टेकली होती. मी म्हणाले, "जान्हवी, भिवाजीतात्या म्हणतात, पावसाळ्यात पाणी बाकाच्या पायापर्यंत येतं."

'म्हणतात.' जसं काही काल संध्याकाळी म्हणाले! बारा दिवस गिळले मी, एका क्रियापदात.

तिने बाकाकडे पाहिलं. मग उताराकडे. मग दोरी धरून लावलेल्या त्या सगळ्या रांगांकडे. मग म्हणाली, "आमच्याकडं धरण बघायला जायचं म्हणजे तळ बघायला जायचं, मॅडम. पाणी वर चढतंय, हे डोक्यातच आलं नाही. मी लहानपणी एकदाच भरलेलं बघितलं, तर गावानं पेढे वाटले होते."

ही चूक लातूरचं माणूसच करू शकतं. कोकणातल्या माणसाला पाण्याचा संशय असतो. तिला भरवसा होता की ते येणारच नाही.

मला वाटलं, आता रडेल. डोळे भरले होते खरे. तिने हातमोजे काढले, खिशात कोंबले आणि विचारलं, "किती दिवस आहेत?"

एवढंच. कुणी आधी सांगितलं नाही, का नाही, कुणाला माहीत होतं — एक प्रश्न नाही. मी उत्तरं तयार ठेवली होती. सगळी खोटी होती, वाया गेली.

२३ मे

कैलासला सारजाबाईंनी ओट्यावर बोलावून घेतलं. मी आतून ऐकलं. (खिडकी उघडी होती. मी उघडली होती.)

"काय रं, बुडीत दिलंस व्हय पोरांना?"

"काकू, शिकलेली मानसं हायेत. मला वाटलं त्यास्नी म्हाईत आसंल."

"तुला वाटलं, दोन म्हयने हिरवं दिसंल, फोटो निगंल, मंग पानी गिळंल. आन पट्टी तुझ्या पार्किंगला मोकळी."

"तसं न्हाई, काकू…"

"मंग कसं?"

कैलास उठला. चहा न घेता गेला. दहा जूनच्या आत मुरमाचा ट्रक येणार, एवढं मात्र जाताना सांगून गेला.

म्हणजे गणित असं: रोपं जगायची तर बाकाच्या वर, सपाट पट्टीवर जायला हवीत. आणि पट्टीवर दहा जूनच्या आत मुरूम.

२६ मे, रविवार

ओट्यावर बैठक. मारुंजीची आठ माणसं, सारजाबाई मध्ये, तात्या कडेला, मी वेताच्या खुर्चीत.

मनीष म्हणाला, आजच हलवू. सारजाबाई म्हणाल्या, "ह्या उनात? जळून जात्याल. मिरूग लागू द्या. जमीन थंडावली की मंग."

"पण मग मुरमाच्या आधी एकच रविवार राहतो मावशी. तीनशे बारा. आम्ही आठ जण."

"तुमी आठ जनांनी व्हायाचं न्हाईच. इर्जिक घाला."

मनीषने फोनवर शोधायला सुरुवात केली. तात्यांनी समजावलं: एखाद्याचं काम अडलं की सगळी वाडी एक दिवस त्याच्या रानात राबते. मजुरी नाही. ज्याचं काम, त्याने जेवण घालायचं. आणि जितक्या घरांनी दिवस दिला, त्या घरांना दिवस परत करायचा. दिवसाला दिवस. पैसे चालत नाहीत.

"म्हणजे आम्ही काय करायचं?"

"आखाडात आवनी आसती. भात लावाया यायचं."

जान्हवी म्हणाली, "मावशी, आम्हाला भात लावता येत नाही."

"चिखलात हुबं ऱ्हाता येतंय का?"

"येईल की."

"मंग येतंय. वाकायचं आमी शिकवू."

शब्द दिला गेला. आठ माणसं, आठ दिवस, एकेक. जान्हवीने सगळ्यात आधी मान हलवली. का कोण जाणे, हलवण्याआधी एक क्षण थांबली.

२ जून

सारजाबाई आणि चार बायका उतारावर. चुन्याची डबी घेऊन प्रत्येक रोपाच्या उगवतीकडच्या अंगाला बोटाने एक ठिपका. तीनशे बारा ठिपके. कशाला? "रोपाला त्वांड आसतंय. हितं जिकडं बगत व्हतं, तितं बी तिकडंच बगाया पायजे. फिरवलं की बावचळतंय."

मनीषने हे वहीत लिहून घेतलं. त्याच्या चिठ्ठ्यांवर सगळं होतं, फक्त रोपाचं तोंड नव्हतं.

मला विचार आला, मला चोपन्नाव्या वर्षी पुण्याहून उचलून इथे लावलं, तेव्हा कुणी ठिपका पाहिला होता का. मग म्हटलं, पुरे. अशाने सदर बिघडतं.

७ जून

मृग लागला. दुपारी पाऊसही झाला. पावसावर इतरांनी पुष्कळ लिहून ठेवलंय. मी छत्री शोधत होते.

९ जून, रविवार

बोटं सोलली आहेत, अक्षर वाईट येणार.

पहाटे सहाला खाली गेले तर उतारावर अठ्ठेचाळीस माणसं. मोजली. बायकाच जास्त, कासोटे खोचलेले, डोक्यावर इरली नाहीत तर खताच्या पिशव्यांच्या खोळी. मारुंजीहून सोळा आली. वॉचमन आला होता, रात्रपाळी करून थेट. त-१७ त्याने दुसऱ्या कुणाला उचलू दिली नाही.

आणि काय तो हात! मी बायकांना भात लावताना रस्त्यावरून पाहिलंय, गाडीच्या काचेतून. जवळून पाहिलं नव्हतं. एकीने खुरप्याने गोल घ्यायचा, दुसरीने मातीचा गड्डा न फुटता उचलून जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधायचा, तिसरीने वर न्यायचा, चौथीने ठिपका उगवतीला धरून खड्ड्यात सोडायचा, पायाने दाब. बोलणं चालूच. एका रोपाला मिनिटसुद्धा नाही. आयटीवाले आधी मध्ये मध्ये आले, धडकले, मग गप रांगेत लागले. मनीषच्या हातून एक गड्डा फुटला, तर एक बाई म्हणाली, "दादा, त्ये मूल हाय, मोबाइल न्हवं. दोनी हातानं धर."

मीही लागले. फडकी फाडायचं काम. जिभेला त्यात काही करता येत नव्हतं. बरं वाटलं.

अकराला ट्रक आला. मुरमाचा. मागे मोटारसायकलवर कैलास. अर्धी पट्टी लावून झाली होती, अर्ध्या पट्टीवर नुसते खड्डे. ड्रायव्हरने खिडकीतून हिंदीत विचारलं, कहाँ डालूँ?

कैलास म्हणाला, "काकू, ही जागा पार्किंगची हाय. ठराव झालाय."

सारजाबाई पट्टीच्या मधोमध उकिडव्या बसल्या होत्या. उठल्या नाहीत. मानही वर केली नाही. जास्वंदीला माती दाबत म्हणाल्या, "व्हय का? मंग वत. माझ्या डोक्यावर वत. तुझी आय बी हाय पलीकडं, तिच्या बी वत."

खरंच होती. कैलासची आई तिसऱ्या रांगेत. तिने पदराने तोंड पुसलं आणि लेकाला हाक मारली, "कैलास! रिकामा आलास का? ती घमेली उचल. खड्ड्यात खत ऱ्हायलंय."

कुणी हसलं नाही. हीच कमाल. अठ्ठेचाळीस माणसं आपापल्या खड्ड्यात बघत राहिली. ट्रकचं इंजिन चालू. जान्हवी मात्र उभी होती, हातात कर्दळ. वर्षभराची बाल्कनी एका माणसाच्या मान हलवण्यावर आली होती. तीस वर्षं मी पुढाऱ्यांवर लिहिते. एकाही पुढाऱ्याला इतकं कोंडीत मी पकडू शकले नाही, जितकं आईने एका घमेल्याने पकडलं.

कैलासने ड्रायव्हरला सांगितलं, "यष्टी थांब्यापाशी वत. तितं खड्डे हायेत." आणि घमेलं उचललं.

जेवण दोनला. मनीषने आधी सँडविचचा प्रस्ताव मांडला होता. सारजाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं होतं की त्याने तो स्वतःच मागे घेतला. जान्हवीच्या आईने लातूरहून एसटीने येसर, म्हणजे तिकडचा भाजून दळलेला काळा मसाला, पाठवलं होतं. मोठ्या पातेल्यात येसराची आमटी, मटण वेगळं, भाकऱ्या वाडीतल्या घराघरांतून. आमटी पाहून आधी कुजबुज — "ही कसली काळी भानगड?" नंतर पातेलं पुसून घेतलं. दोघींनी कृती विचारली. जान्हवीने फोन लावून आईच्या हातात सगळी वाडी दिली. आई म्हणत होती, खूप पाणी आहे ना गं तिथं? खरंच आहे ना?

संध्याकाळी बाक रिकामा झाला. पस्तीस दिवसांनी! जाऊन बसले. पाठीमागे तीनशे बारा रोपं, समोर मोकळा उतार. तक्रार करायला काही सापडेना, म्हणून उठले.

१२ जून

चंद्रकांतरावांचा फोन. दुसरा भाग?

"नाही लिहीत."

"का? जागा राखून ठेवलीय मी."

"विषय बुडाला नाही."

"म्हणजे?"

"वर चढला."

ते म्हणाले, तुमची तब्येत बरी आहे ना. फाडून टाकला मी जलसमाधीचा तो कागद. शीर्षक फार चांगलं होतं, हेही लिहून ठेवते. हळहळ खोटी कशाला दाखवू?

१८ जून

एकोणतीस मेली. दोनशे त्र्याऐंशी उभी. फुटलेल्या गड्ड्याचं रोप जगलं, आणि मनीष ते सगळ्यांना दाखवत सुटलाय.

२३ जून, रविवार

कैलासने स्वखर्चाने फलक लावला: 'येथे गाड्या लावू नयेत. बागेची काळजी घ्या.' खाली स्वतःचं नाव, बागेच्या नावाहून मोठं. पुण्याच्या एका कुटुंबाला सांगत होता, "ही आमच्या गावची आयडिया." मी ऐकून घेतलं. तो रोज सकाळी पाणी घालतो, म्हणून त्याला एक फलक माफ.

जान्हवी आज एकटीच आली होती, बुधवारसारखी. माझ्याशेजारी बाकावर बसली. प्रथमच. आता मला मावशी म्हणते. म्हणाली, "मावशी, पुढच्या उन्हाळ्यात तगर छाटावी लागंल. फार नाही, वीतभर. ध्यानात ठेवाल ना?"

"तूच आठवण कर."

"तुमच्या तोंडून सांगितलं की लोक ऐकतेत," म्हणाली.

भिवाजीतात्यांचंच वाक्य. त्या बारा दिवसांचं सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं. तिने तेवढ्यात खुरपं उचललं आणि एका रोपाशी जाऊन बसली. बराच वेळ नुसती बसून होती. तण तर काही नव्हतं तिथे.

७ जुलै

पाणी चढतंय. उतारावरचे जुने खड्डे एकेक रांग करून भरले. सगळ्यात खालच्या रांगेत एक चिठ्ठी राहिली होती, क-३१. ती तरंगत आली. तात्यांनी जाळ्याच्या काठीने ओढून घेतली आणि माझ्या हातात दिली.

"वाचलं बगा," म्हणाले. कधी सांगितलंत, हे या माणसाने मला आजवर विचारलेलं नाही.

११ जुलै

तगरीला पहिलं फूल. कुणी पेढे वाटले नाहीत. मी जान्हवीला आणि मनीषला फोन केले, तेवढंच.

१४ जुलै, रविवार

पहाटे पाणी बाकाच्या पायाला लागलं.

सारजाबाईंच्या खाचरात आवणी. मारुंजीची माणसं दिवस फेडायला आली. शब्द आठांनी दिला होता, आली सात. जान्हवी नाही. मनीषला विचारलं. म्हणाला, ती बंगळुरूला गेली, तीस जूनला, कायमची. कंपनीने एप्रिलातच सांगितलं होतं.

"एप्रिलात? म्हणजे खड्डे घ्यायच्या आधी?"

"हो. मला म्हणाली, मावशींना सांगू नकोस. त्या लिहितील."

चपला बांधावर काढल्या. चिखल पोटरीपर्यंत. सारजाबाईंनी रोपांची मूठ हातात दिली आणि विचारलं, "ह्यो दिस कुनाचा?"

"जान्हवीचा."

त्या वाकल्या. चार रोपं लावली. वर न बघता म्हणाल्या, "आन तुमचा? आखितीपास्नंचा?"

"उद्या येते," म्हणाले.

पाठ मोडली आहे. पाचचा गजर लावलाय.